शेवटचा फर्मा

सरका जवळ. आणि ती बॅटरी बंद करा, उगाच डोळ्यांत मारू नका. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ज्याच्या घरी हे घडलं तो माझा जुना दोस्त आहे, आणि थापा मारायला लागते तेवढी अक्कल त्याच्याकडे नाही.

त्याला सगळे डिंक्या म्हणतात. पुस्तकं बांधायचा धंदा, हाताला कायम खळीचा वास. सहा वर्षांपूर्वी, डिसेंबरात, ग्रंथालयाच्या बाईंनी निरोप धाडला म्हणून तो सायकल काढून गेला आणि फाटक्या पुस्तकांचं पोतं घेऊन आला. त्यात एक जाडजूड कादंबरी होती, पाठ पार निखळलेली, फर्मे सुटे झालेले. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. अशा घड्या एकीला एक शिवत गेलं की पुस्तक होतं. बाई म्हणाल्या, हिच्यासाठी लोक माझं डोकं खातायत, हिला आधी घ्या.

घरी आल्यावर बायकोने सहज म्हणून पहिला फर्मा उचलला आणि उभ्या उभ्या वाचून काढला. चुलीवरचं दूध उतू गेलं. मग त्यांचं ठरूनच गेलं. संध्याकाळी ती एक फर्मा वाचणार, संपला की त्याच्या हातात देणार, तो शिवणार. शिवता शिवता ती त्याला सांगायची. चारशे वर्षांपूर्वी एका शहराला वेढा पडला. एक घोडेस्वार आपल्या प्रेयसीला सांगून बाहेर पडला, मी परत येईन, दार तूच उघड. आणि तो वेशीबाहेर मेला. तेव्हापासून दर पिढीत ती नव्याने जन्मते, आणि हा तिच्या दाराशी येतो. तीनदा ठोठावतो. जिने जिने दार उघडलं, ती सकाळी उंबऱ्यात थंडगार सापडली, तोंडावर हसू. आता कथेत आजच्या काळातली पोर होती. नवरा, नोकरी, भाड्याची खोली. आणि स्वार निघालेला होता.

डिंक्याला आधी मजा वाटली. इतक्या वर्षांत बायको रोज अशी शेजारी येऊन बसली होती कधी? पण आठवड्याभरात त्याच्या लक्षात आलं, ही वाचायला बसायच्या आधी केस विंचरते. एके दिवशी भाजी चिरता चिरता थांबली आणि म्हणाली, "आज तो आलाच नाही." तो! नाव नाही, गाव नाही, नुसता तो. डिंक्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागदाच्या माणसाचा कसला मत्सर करायचा, असं मी त्याला म्हणालो. तर म्हणाला, "तुझी बायको रडते का कुणासाठी? मग तुला काय कळणार."

शेवटून दुसरा फर्मा तिने वाचला तो शुक्रवार होता. त्यात स्वार येऊन दाराशी उभा राहतो. दोनदा ठोठावतो, तिसऱ्यांदा ठोठावतो. पोर उठते, कडीवर हात ठेवते. आणि फर्मा संपला.

"पुढचा द्या ना," बायको म्हणाली.

"नाहीये. फाटून गेला असेल. ग्रंथालयातूनच आला नाही."

होता. पुस्तकं दाबायच्या शिकंज्याच्या फळीखाली त्याने दुपारीच दडवला होता. वाचला नव्हता हो! आयुष्यभर पुस्तकं शिवली, वाचलं एक नाही. दार उघडत असेल, गळ्यात पडत असेल, हे त्याने मनानेच ठरवलं होतं. तिने हातातला फर्मा मिटला. मग म्हणाली, "म्हणजे तो बाहेरच राहिला की हो. एवढ्या थंडीत." आणि जेवली नाही.

डिंक्या मात्र खुशीत झोपला.

पावणेबाराला लाईट गेली. त्याला जाग आली ती पंखा थांबल्यामुळे नव्हे. पंखा थंडीत बंदच होता. जाग आली, कारण दारावर थाप पडली.

एक.

बाहेर कुत्रं नाही. वारा नाही. नुसती थाप पडून गेल्यानंतरची शांतता. त्याने अंथरुणावर चाचपलं. शेजारची जागा... गार.

दोन.

बायको दाराशी उभी होती. केस विंचरलेले. हात कडीवर.

"अगं..." तिने मान वळवली. डोळे उघडे, जागी. "माझ्याकडून अर्धवट राहिलंय," ती म्हणाली. "त्याला किती वेळ उभं ठेवायचं?"

दाराच्या फटीतून लोखंडाचा वास आला. ओल्या घोड्याचा वास आला. पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं. सावकाश. घाई नसलेल्या माणसासारखा.

त्याला वाटलं, धावून तिला ओढावं. मग त्याला तो फर्मा आठवला. उभा त्यानेच ठेवला होता ना त्या स्वाराला? पानं चोरून? रांगत शिकंज्यापाशी गेला. फळी उचलली. मोबाईलच्या उजेडात बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखा, मोठ्याने वाचायला लागला.

"कडी... न काढताच... ती म्हणाली. तू माझ्यासाठी आलास, हे मला पोचलं. पण प्रत्येक जन्मी तू मला वाट पाहायला लावलीस. आत जो... निजलाय..."

ओळ दिसेना. डोळ्यांत पाणी.

"वाचा की," बायको म्हणाली.

"आत जो निजलाय, त्याने कधी वाट पाहायला लावली नाही. तू जा."

तीन... ही थाप पडली नाही.

ती कितीतरी वेळ दाराकडे बघत राहिली. मग कडीवरचा हात काढला. दाराला तोंड लावून म्हणाली, "ऐकलंत ना? जा आता." इतक्या हळू आवाजात, की डिंक्या म्हणतो, आपल्याशी ही कधी अशी बोलली नाही. जीव वाचला तिचा, तरी ते त्याला अजून बोचतं.

टापा ऐकू आल्या. लांब गेल्या. मग काही नाही.

दोघं दाराला पाठ लावून बसली, बसल्या बसल्या झोपली. फर्मा तिथेच जमिनीवर पडला होता. सकाळी जमिनीवर नव्हता. पुस्तकात होता. शिवलेला. टाके एकसारखे, गाठ बेताची, घट्ट. डिंक्याने चष्मा लावून पाहिलं. दोरा नव्हता तो. लांब, जाड, काळा केस होता. घोड्याच्या शेपटीचा.

हे सगळं त्याने मला त्याच्या घरी बसून सांगितलं. मी विचारलं, भीती नाही वाटली? तर म्हणाला, "गाठ माझ्यापेक्षा चांगली मारलीय रे त्याने."

पुस्तक ग्रंथालयात गेलं. लोकांनी वाचून वाचून पुन्हा खिळखिळं केलं. गेल्या महिन्यात ते परत त्याच्याकडे बांधायला आलं, तेव्हा मी तिथेच होतो. डिंक्याचे सगळे टाके सुटले होते. फर्मे हातात घेतले की गळून पडत होते.

शेवटचा फर्मा सोडून.