विहिरीशी शेजार

हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय. त्या दिवसांतल्या वेळा माझ्या वहीत लिहिलेल्या आहेत, त्यामुळे निदान त्यांत चूक नाही.

बेटाचं नाव सांगणार नाही. तिथल्या लोकांनी तसं बजावलंय. जपानच्या पार दक्षिणेला, साडेतीनशे वस्तीचं बेट. तिथल्या समुद्र संशोधन केंद्रात मी तीन वर्षं आहे. माझं काम गाळाचं. समुद्रतळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि त्यातली कवचं मोजायची.

गेल्या ऑक्टोबरात माझी धाकटी बहीण तोमोए चिखलाचा सण बघायला आली.

सण दुपारचा. गावातली तीन पोरं अंगाला वेली गुंडाळतात, जुन्या विहिरीतला काळा चिखल फासतात, तोंडासमोर लाकडी मुखवटे धरतात आणि गल्ल्यांतून धावत सुटतात. दिसेल त्याला चिखल लावतात. तान्ह्या बाळालासुद्धा. तो लागला की वर्षभर आजार शिवत नाही. वास मात्र आठवडाभर जात नाही.

"ताई, पांढरा शर्ट घालू? डाग छान उठेल."

"घाल. धुणार तूच."

चार वाजून चाळीस मिनिटं. पलीकडच्या गल्लीत आरडाओरडा, हसणं चाललं होतं. आमच्या गल्लीत कुणीच नव्हतं.

मग एक मुखवटा आला. एकटाच.

तो धावत नव्हता...

तोमोएसमोर थांबला. एक बोट तिच्या गालावरून सावकाश ओढलं... आणि निघून गेला. त्याच्या पावलांचा आवाज आला नाही, हे मला नंतर आठवलं.

"किती हळुवार लावलं गं," ती म्हणाली.

कुणी काही दिलं की आपणही द्यायचं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत धाडायचं नाही. आमच्या आईची ही शिकवण. अंधार पडायच्या आत तोमोएने आईने पाठवलेल्या गोड वड्या, लाकडी डब्यासकट, विहिरीच्या काठावर ठेवल्या. डबा निळ्या रुमालात बांधला होता. गाठ मी मारली. मी डावखुरी, माझी गाठ उलटी पडते.

सकाळी घरमालकीण कारिमाता आजी दारात उभ्या. आत आल्या नाहीत.

"विहिरीवर डबा कुणी ठेवला?"

"मी," तोमोए म्हणाली. "चिखल लावला म्हणून. काल आमच्या गल्लीत एक जण..."

"पोरं तुमच्या गल्लीत आलीच नाहीत. तिघंही शाळेपासूनच वळली."

तोमोएचा हात गालावरच्या रेघेकडे गेला.

"चिखल घ्यायचा असतो. त्याला परत काही द्यायचं नसतं. दिलंत, की शेजार सुरू झाला. आता तो भांडं पाठवणार. दोनदा भरून. तिसऱ्यांदा रिकामं. त्या रिकाम्यात वस्तू चालत नाही. जिने पहिल्यांदा दिलं, तीच लागते." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तू गं, एवढी शिकलीस ती असल्या उलट्या गाठी मारायला? हिला पहिल्या बोटीने घालव. दारात येईल ते घरात घेऊ नका."

वाऱ्यामुळे बोट दुसऱ्या दिवशी सुटणार होती. आम्हाला बघून दुकानदाराने शटर ओढलं.

"पाणी तरी द्या," मी म्हटलं.

"विहिरीवर ओळख आहे ना तुमची? तिथेच मागा."

संध्याकाळी पाच वाजता दाराशी थेंब पडायला लागले.

टप...

टप...

दार उघडलं. पायरीवर निळा रुमाल. उलटी गाठ. अगदी माझीच.

आत डबा काठोकाठ चिखलाने भरलेला.

घरात घेतला नाही. चिमूटभर चिखल तेवढा केंद्रात नेला. विहिरीच्या चिखलात माती, मुळं, शेवाळ दिसायला हवं. मला दिसली काचेसारखी, जाळीदार, गोल कवचं. मी पुन्हा पुन्हा बघितलं. असा गाळ चार हजार मीटर खाली साठतो.

विहीर सहा मीटर खोल आहे.

आजींनी तो डबा काठीने ढकलत नेऊन समुद्रात लोटला. सकाळच्या बोटीने तोमोए घरी, आईकडे गेली. तिच्या गालावरची रेघ अजून ओली होती.

आईला मी काही सांगितलं नाही. ती हसली असती. हे मला अजून छळतं.

पाचव्या दिवशी आईचा फोन आला. आमचं घर डोंगरात आहे. समुद्र तिथून दोन तासांवर.

"शिनो, तुझ्या बेटावरची माणसं भारी रीतीभातीची हं. पायरीवर डबा ठेवून गेली. आपलाच, निळ्या रुमालातला. आत कसलासा चिखल आहे. तोंडाला लावतात का तो?"

"आई, त्याला हात लावू नकोस."

"हात काय लावू नकोस? घासूनपुसून मुळ्याचं लोणचं भरलं आणि ठेवला परत पायरीवर. नेलासुद्धा कुणीतरी. थांब हं, दार वाजतंय. तोमोए, बघ गं कोण आहे..."

दार सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

मग...

टप...

"कोण होतं गं?" आईने विचारलं.

"कुणी नाही. डबा आलाय." तोमोएचा आवाज शांत होता. "रिकामा."

याला अकरा महिने झाले. तोमोए खाते, पिते, नोकरीला जाते. दोनदा आईने डबा फेकून दिला, दोन्ही वेळा तो सकाळी ओट्यावर होता. आतून ओला. आता तोमोए त्याला कुणाला हात लावू देत नाही.

परवा तिने मला फोन केला.

"ताई, रिकामं भांडं किती दिवस ठेवून घ्यायचं? बरं दिसत नाही."

मी खूप बोलले. रागावले, रडले. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग विचारलं, "ऑक्टोबरात बोट किती वाजता सुटते गं?"

मी सांगितलं नाही.

"असू दे," ती म्हणाली. "मला न्यायला येणार आहेत."