वाक्याआधीचा हशा

ही गोष्ट घडलेली आहे. नाटकवाल्यांच्या घरातली म्हणजे तिखटमीठ लावलेलीच असणार, असं कोणाला वाटेल. वाटू दे. पण जिच्याकडून ती कळली, ती बाई वर्तकनगरला राहते, बँकेतून निवृत्त झालीय आणि तिला साधी थापसुद्धा धड मारता येत नाही. तिचं नाव नीला वैशंपायन. नाट्यगृहांची नावं मात्र मुद्दामच देत नाही. तिथे रोज प्रयोग होतात, लोकांनी बिनघोर जाऊन बसावं.

गेल्या वर्षीचा एक रविवार. भर दुपार. ठाणे.

नीलाच्या नवऱ्याने, त्र्यंबकने, लिहून बसवलेल्या नव्या नाटकाचा शुभारंभ होता.

एकेकाळी विनोदी नाटक म्हटलं की निर्माते आधी त्र्यंबकला फोन लावायचे. मग त्याने दोन सिनेमे केले, तेही चालले. मग मालिका आली. ती इतकी गाजली की माजिवड्याला रिक्षावाले त्याला थांबवून त्याचेच संवाद म्हणून दाखवायचे.

मग मालिका बंद झाली. चॅनेलवर नवी मुलं आली. "सर, तुम्ही ग्रेट आहात," म्हणायची आणि काम द्यायची नाहीत.

कित्येक वर्षं तो घरात बसून होता. चहावर, पंख्यावर, शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर विनोद करायचा. नीला हसायची. तेवढाच प्रेक्षक उरला होता.

शेवटी महेंद्र नावाच्या निर्मात्याने हे नाटक दिलं. दिलं तेही रोखठोक बोलून. "दादा, हे नाही चाललं तर पुढे मला विचारू नका."

म्हणून नीलाने त्या दुपारी सगळे देव पाण्यात घातले होते.

ती नेहमी शेवटच्या रांगेत बसते. बघते ती लोकांच्या पाठींकडे. टाळ्या खोट्या वाजवता येतात, पण हसताना खांदे हलतात ते खरे, असं तिचं म्हणणं. घरी आल्यावर त्र्यंबक एवढंच विचारायचा, "खांदे हलले?"

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला.

नाटकातली नायिका आसावरी पहिल्या मोठ्या विनोदापाशी आली. तिने श्वास घेतला...

आणि कोणीतरी हसलं.

वाक्य अजून यायचं होतं.

आखूड, कोरडं हसू. नाकातून सुरू होऊन घशात अडकलेलं. डावीकडच्या पुढच्या रांगांतून आलेलं.

नीलाने तिकडे पाहिलं...

एकही खांदा हलला नव्हता.

आसावरी गडबडली, पण सावरली. वाक्य टाकलं, लोक हसले. थोड्या वेळाने पुन्हा तेच झालं. मग पुन्हा.

मध्यंतरात त्र्यंबक विंगेत तणतणत होता. "नाटक आधी पाहिलेला कोणीतरी शहाणा येऊन बसलाय. पंच यायच्या आधीच हसतो. बाहेर काढा त्याला!"

"अरे, शुभारंभाचा प्रयोग आहे," नीला म्हणाली. "आधी कुठे बघेल तो?"



पुढचा प्रयोग कल्याणला होता. तिथे ते हसू आणखी आधी आलं. आता हशा आधी आला की लोक वळून बघतात, कोण हसलं म्हणून. तेवढ्यात वाक्य निघून जातं. कुठल्याही विनोदाचा जीव घ्यायला एवढं पुरतं.

डोअरकीपरने डावीकडच्या रांगेत जाऊन चौकशी केली. तिथल्या आजी म्हणाल्या, "आमच्या मागून कोणीतरी हसतंय हो."

मागच्या रांगेतले म्हणाले...

"छे, पुढून येतंय."

दोन रांगांच्या मध्ये माणूस बसायला जागा नसते.

डोंबिवलीच्या प्रयोगाला महेंद्र स्वतः बघायला येऊन बसला. आजच काय ते ठरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्र्यंबकने पडदा उघडायच्या जरा आधी पहिला विनोद बदलला. नवं वाक्य कागदावर आलंच नाही. फक्त आसावरीच्या कानात सांगितलं. नीलालासुद्धा नाही.

आसावरीने एंट्री घेतली. तोंडसुद्धा उघडलं नव्हतं...

हसू आलं.

आणि मग येतच राहिलं. त्र्यंबकने जिथे जिथे हशा पेरला होता, तिथे तिथे आधी ते हसू आणि मग नुसती शांतता. नीलासमोर भरलेलं नाट्यगृह होतं आणि थप्पी लावलेल्या पोत्यांसारख्या पाठी.

मध्यंतरात आसावरी रडत होती. "सर, ते मला नाही हसत. माझ्या तोंडात काय आहे ते त्याला आधीच ऐकू जातंय."

महेंद्र आत आला. त्र्यंबकच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "दादा, थांबूया आता."

नाटक तिथेच बंद पडलं.

त्यानंतर त्र्यंबक बोलेनासा झाला. चहा आला की प्यायचा. पंखा कुरकुरायचा, तो नुसता बघत बसायचा. याने एकदा, एकदाच काहीतरी फालतू बोलावं आणि मी हसावं, एवढंच नीलाला हवं होतं.

एका दुपारी दोघं बाहेरच्या खोलीत जेवायला बसले होते. त्र्यंबकने वाटीत डोकावून पाहिलं. त्याच्या ओठाचा कोपरा जरासा हलला.

"नीला, ही आमटी..."

स्वयंपाकघरातून हशा आला.

या वेळी कोरडा नव्हता. मोकळा, खळखळून, शेवटी उचकी लागल्यासारखा.

नीलाचाच आवाज होता तो.

त्र्यंबकने मान वर केली. डोळे भरून आले होते त्याचे. "हसलीस! अगं, मी अजून बोललोसुद्धा नाही आणि हसलीस!"

नीलाच्या तोंडात भाकरीचा घास होता.

तो गिळून ती म्हणाली, "हो."

त्याचा तो चेहरा बघून दुसरं काय म्हणणार?

आता त्र्यंबक दिवसभर बोलतो. मजेत असतो. बसतो मात्र स्वयंपाकघराकडे तोंड करून. नीलालाही कधीकधी खरंच हसू येतं. पण ते ओठांवर येण्याआधीच स्वयंपाकघरातून कोणीतरी हसून टाकतं. मग तिचं तिच्यापाशी काही उरत नाही.

मागच्या आठवड्यात तिने मनाचा हिय्या केला. आज खरं सांगायचंच. त्याच्यासमोर जाऊन बसली. "त्र्यंबक, ऐक. ते मी..."

आतून हशा आला. पहिल्यापेक्षा मोठा.

त्र्यंबकही पोट धरून हसायला लागला. बऱ्याच वेळाने डोळे पुसत म्हणाला, "काय गं, काय सांगत होतीस?"

"काही नाही," नीला म्हणाली.

हे सगळं तिने घरी नाही, कॉलनीच्या बागेत बसून सांगितलं. भोवती मुलं खेळत होती, चांगलं ऊन होतं. तरी प्रत्येक वाक्याआधी ती थांबायची, मान जराशी कलती करून कानोसा घ्यायची...

आणि मगच बोलायची.