हाक मारल्याशिवाय उठायचं नाही

सोलांज दुपारी बाराला घरून निघाली, तेव्हा तिचा नवरा रेजां वाटाण्याचं सूप ढवळत होता.

"आज किती वेळा मरणार?"

"पोरं म्हणतील तितक्या वेळा."

"पाचच्या आत जिवंत परत ये. सूप निवतं."

सोलांज हसत हसत बस धरायला गेली. वय एकाहत्तर, पण मरणाचा अनुभव दांडगा. तरुणपणी ती रक्तपाताच्या स्वस्त सिनेमांत काम करायची. कुऱ्हाडीने, करवतीने, एकदा तर बर्फ उपसायच्या यंत्राखाली, अशी अडतीस सिनेमांत ती मेली होती. वर्तमानपत्रांनी नाकं मुरडली, पाद्र्याने भर प्रार्थनेत नावं ठेवली आणि लोकांनी रांगा लावून ते सिनेमे पाहिले. सोलांजला त्याची ना लाज, ना खंत. खंत होती ती एकाच गोष्टीची, आणि ती रेजांलासुद्धा ठाऊक नव्हती.

स्टुडिओ मॉन्ट्रियालच्या एका जुन्या कापडगिरणीत होता. तिथे एका भयाण व्हिडिओ गेमचा तिसरा भाग चालला होता. दिग्दर्शक तिबो तिशीतला, सोलांजच्या सिनेमांचा वेडा. पहिल्या दोन भागांतली मरणं खोटी वाटतात अशी खेळणाऱ्यांची ओरड होती, म्हणून त्याने तिला शोधून काढलं होतं. स्टुडिओतही लोकरीची टोपी घालून बसणारा, काडीसारखा पोरगा. त्याच्याशी हात मिळवताना सोलांज दचकली.

"काय रे हा गारठा! जेवतोस की नाही?"

"भूकच लागत नाही हो, मादाम. दुसरा भाग झाला तेव्हापासून असंच आहे."

तिला काळा घट्ट पोशाख चढवला. त्यावर पन्नासेक करडे गोळे डकवलेले. छतावरचे कॅमेरे फक्त ते गोळे टिपत आणि तीच हालचाल गेममधल्या पात्रांना मिळे. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नुसता अंधार, आणि अंधारात पांढरे ठिपके हलत. संगणकापाशी नोएमी नावाची बुटकी मुलगी बसली होती.

सोलांज सुरी लागल्यासारखी कळवळली, गुडघ्यांवर आली, आडवी झाली. काय मेली म्हणून सांगू! तिबोने टाळ्या वाजवल्या.

"झालं, मादाम. उठा."

ती हलली नाही. "असं नाही. नाव घे."

"नाव कशाला?"

"आमच्या कंपनीचा नेम होता. मेलेल्याने आपणहून उठायचं नाही. दुसऱ्याने नाव घेऊन उठवायचं. मरण खोटं होतं, हे कुणीतरी सांगायला नको?"

तिबो हसला. "सोलांज, उठा."

ती उठली. "तुमच्यात नाही वाटतं असं काही?"

"छे! आम्ही आपले पडतो आणि उठतो."

"तिबो," नोएमी म्हणाली, "भुतं आली आहेत."

कुणी दचकलं नाही. चकाकत्या वस्तूवरून उजेड उडाला की पडद्यावर जास्तीचे ठिपके उमटतात, त्यांना या धंद्यात भुतं म्हणतात. सोलांजच्या अंगठीवर पट्टी चिकटवली, दाराची कडी झाकली. ती पुन्हा मेली. पण या खेपेला जमिनीवर पडल्या पडल्या तिला वास आला. गोड, चिकट. मक्याच्या पाकात लाल रंग कालवून तिच्या सिनेमांत रक्त करायचे, तो वास. गेममधलं रक्त संगणक टाकतो. इथे त्याचा थेंबही नव्हता.

"सोलांज, उठा."

तिने पडद्याकडे पाहिलं. तिच्या ठिपक्यांशेजारी आणखी कुणीतरी पडलेलं होतं. कुशीवर, एक गुडघा पोटाशी घेऊन.



पोलेट अशीच मरायची. कंबर दुखते म्हणून गुडघा पोटाशी घेऊन. पोलेट तिची जिवाची मैत्रीण. शेवटच्या सिनेमात दोघी एका थंडगार कोठारात मेल्या होत्या. पोलेटला हाक मारायचं काम सोलांजचं. पण हिमवादळ येत होतं, बस सुटायला आली होती. दारातूनच सोलांज ओरडली, "चला गं, चला!" नाव घेतलंच नाही. पोलेट आपली आपण उठून आली. त्या दिवसापासून तिचे हात कधी गरम झाले नाहीत. जेवण सुटलं. एप्रिलमध्ये एका सकाळी ती जागीच झाली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.

"मादाम, थांबायचं का?" तिबोने विचारलं.

"नाही… आणखी एकदा."

ती पडली. पडद्यावर शेजारी ते ठिपके होतेच. सोलांजने मान न हलवता हळूच म्हटलं,

"पोलेट… ऊठ गं. झालं तुझं."

यंत्रांची घरघर तेवढी चालू होती. पडद्यावरचा तो गुडघा सरळ झाला. ठिपके उठून बसले, उभे राहिले, क्षणभर सोलांजवर वाकले आणि पडद्याच्या कडेने निघून गेले. तिच्या गालावरून काहीतरी गार फिरलं.

"सोलांज, उठा…" तिबोने हाक मारली.

ती उठली ती रडत आणि हसत. सेहेचाळीस वर्षांचा धोंडा छातीवरून उतरला होता. इतकं हलकं तिला लग्नाच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

मग तिने तिबोचा बर्फासारखा हात हातात घेतला.

"पोरा, दुसऱ्या भागात कोण मेलं होतं?"

"मीच. घरचंच माणूस, म्हणून सगळी मरणं मीच केली… एक्केचाळीस."

"नोएमी, चित्र लांबून दाखव बघू."

नोएमीने दाखवलं. जमीनभर ठिपके पडलेले होते. पालथे, उताणे, दुमडलेले.

 सोलांजने खुर्ची ओढली, कॉफी मागवली आणि पोरांना शाळेसाठी उठवावं तशी सुरुवात केली.

"तिबो, ऊठ रे. झालं तुझं."

एक उठला, चालत निघून गेला. एका हाकेला एक. सोलांज बोटांवर मोजत होती. विसाव्या हाकेला तिबोने टोपी काढली. तिसाव्याला तो लाजत म्हणाला, "मादाम, तुमच्या डब्यात काय आहे?" डुकराच्या मांसाचं सँडविच होतं. त्याने ते चार घासांत संपवलं आणि बोटं चाटली. एक्केचाळिसाव्या हाकेला त्याच्या गालांवर लाली होती. सोलांजने कृतकृत्य होऊन कॉफीचा घोट घेतला.

"एक राहिलाय," नोएमी म्हणाली.

"तिबो, ऊठ."

ठिपके हलले नाहीत.

"तिबो! अरे, ऊठ की."

काही नाही. तिबोने जवळ जाऊन पाहिलं. "हा मी नव्हे. हे कुणीतरी बुटकं आहे."

नोएमीने ते ठिपके पडद्यावर जवळ आणले. मग अगदी हळू म्हणाली, "मादाम… माझं नाव घेऊन बघता?"

"तू कधी मेलीस गं?"

"कधीच नाही. मी तो पोशाख घातलाच नाही कधी… माझं मरण अजून व्हायचंच आहे."

सोलांजने कप खाली ठेवला. आवाज जमेल तितका मऊ केला.

"नोएमी… ऊठ गं, बाळा."

जमिनीवरच्या ठिपक्यांनी मान वळवली, आणि ते संगणकापाशी बसलेल्या नोएमीकडे बघत पडून राहिले.