कापलेल्या फोटोतला हात

"डावीकडं घे! आणखी! अरे धम्मदीप, माझं डावं, तुझं न्हाई!"

शिडीवर चढलेल्या धम्मदीपनं फ्लेक्सचं टोक घट्ट धरून मान वळवली. "मग तूच ये ना वर, ऐश्वर्याताई!"

"मी वर आले तर खालून ओरडणार कोण?"

दिवाळीची सुटी लागली होती आणि वसमतच्या जुन्या वाचनालयात नुसती धांदल उडाली होती. पन्नास वर्षांपूर्वी ही इमारत उभारणाऱ्या आर्किटेक्ट सुलभा निफाडकर यांची जन्मशताब्दी होती. उद्यापासून तीन दिवस त्यांच्या कामाचं प्रदर्शन आणि रोज एक व्याख्यान! आठवीतली ऐश्वर्या खंदारे, तिचा सहावीतला चुलतभाऊ धम्मदीप आणि वर्गमैत्रीण जाई असे तिघं स्वयंसेवक झाले होते. जाईचे बाबा वाचनालयात कारकून होते. त्यामुळे जाईला इथलं प्रत्येक कपाट आणि प्रत्येक उंदीरसुद्धा ओळखत होता!

एकदाचा फ्लेक्स सरळ झाला. त्यावर सुती साडीतल्या सुलभाबाई हसत उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे वाचनालयाची विटांची जाळीदार भिंत होती. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'जाळीची भिंत : सुलभाबाईंची अद्भुत कल्पना.'

"अगं," जाई पुढे वाकून म्हणाली, "हा हात कुणाचा?"

फोटोच्या अगदी काठावर कोपरापासून पुढचा एक हात होता. हातात गवंड्याची थापी होती. पण त्या हाताला माणूसच नव्हतं!

"भूत!" धम्मदीप इतक्या जोरात ओरडला, की शिडी हलली.

ऐश्वर्या जवळ गेली. थापी धरलेल्या हाताची करंगळी अर्धीच होती. लहानपणापासून ती हीच अर्धी करंगळी धरून आजोबांच्या गावी, डोंगरकड्याच्या बाजारात फिरली होती!

"भूत न्हाई रे. हे आपले आजोबा आहेत!"

तेवढ्यात समितीचे अध्यक्ष व्यंकटराव मोबाइल कानाला लावून आत आले. ऐश्वर्यानं विचारलं, "काका, हा फोटो अर्धाच काहून आहे?"

"अर्धा कसा? असाच आहे तो."

"पण हा हात—"

"कुणा मजुराचा असेल. आगाऊपणा करू नकोस. खुर्च्या पुसल्या का?"

ऐश्वर्याची कानशिलं तापली. 'कुणा मजुराचा!' तिनं हातातलं फडकं खुर्चीवर आपटलं.

"खुर्च्या राहू दे," जाई हळूच म्हणाली. "फ्लेक्स कुठं छापलाय ते खाली बारीक अक्षरात लिहिलंय. चल!"

छपाईच्या दुकानात संगणकावर पुजाताई बसली होती. ऐश्वर्यानं फोटोचा विषय काढताच तिनं कपाळावर हात मारला. "बरं झालं आलात! मूळ फोटो इथंच पडलाय. तीन आठवडे फोन करून राहिले मी, पण तुमचे अध्यक्ष न्यायलाच येईनात."

तिनं टेबलाच्या खणातून पिवळं पाकीट काढलं. चहाच्या कपाचा गोल डाग पडलेल्या त्या पाकिटात मूळ फोटो होता. धम्मदीपनं माणसं मोजली. सुलभाबाई धरून तब्बल बारा! डोक्यावर घमेली घेतलेल्या चार बाया, चिखलानं माखलेले गडी, आणि सुलभाबाईंच्या शेजारी थापी धरून ताठ उभा असलेला एक तरुण.

"सटवाजी आजोबा! केवढे बारीक होते!" धम्मदीप ओरडला.

"अकरा माणसं कापली?" जाई थक्क झाली.

"मी विचारलं होतं," पुजाताई म्हणाली. "ते म्हणाले, मजुरांची गर्दी कशाला, फक्त मॅडम ठेवा."

ऐश्वर्यानं फोटो उलटला. मागे निळ्या शाईत लिहिलं होतं, 'माझ्या नकाशात इथे खिडक्या होत्या. ही जाळी सटवाजी खंदारे यांची. तसं सर्वांना सांगावं. — सुलभा.'

फोटो घेऊन ऐश्वर्या जी तरातरा निघाली, ती थेट व्यंकटरावांच्या टेबलापाशीच थांबली!

"वाचा, काका! तुम्ही ज्यांची शताब्दी करताय त्यांनीच लिहिलंय!"

व्यंकटरावांनी चष्मा वर-खाली केला. ओळी वाचून त्यांचा चेहरा जरा उतरला, पण आवाज चढला. "उद्या उद्घाटन आहे. पत्रिका वाटून झाल्या. शंभर लोक राबले असतील, शंभर फोटो लावू का? आणा तो इकडे!"

"न्हाई देणार!"

"मग स्वयंसेवकाचा बिल्ला ठेव इथं आणि चालती हो."

ऐश्वर्यानं बिल्ला टेबलावर टाकला. धम्मदीपनंही टाकला. जाई काढणार, तोच ऐश्वर्यानं तिचा हात दाबला. "तू राहा! उद्या प्रोजेक्टर तूच चालवणार आहेस ना?"

जाईचे डोळे चमकले. दोघांच्या मागोमाग बाहेर येऊन तिनं बाबांच्या मोबाइलवर फोटोच्या दोन्ही बाजू टिपून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला सांगून ऐश्वर्या आणि धम्मदीप एसटीनं डोंगरकड्याला पोचले. आजोबा अंगणात सोयाबीनच्या बियाण्याची रास निवडत होते. ऐश्वर्यानं फोटो त्यांच्यापुढे धरला. ऐश्वर्याला वाटलं, आजोबा आता हसतील. पण त्यांच्या जबड्याची हाडं वर आली.

"आजोबा, तुम्ही आम्हाला कधी सांगितलं काहून न्हाई?"

"काय सांगू? उद्घाटनाला धुतलेलं धोतर नेसून गेलतो. दारात अडवलं. म्हणे, कार्ड दाखवा. कार्ड कुणाला द्यायचं ते ठरलेलंच व्हतं! बाई आत व्हत्या, त्यांना पत्ताच न्हाई. तवापासून त्या दारात पाय ठेवला न्हाई म्या."

"मग आज ठेवायचा!" ऐश्वर्या जवळजवळ किंचाळलीच. "मला लई राग आलाय, आजोबा!"

आजोबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग उठले आणि खुंटीवरचा पटका घेतला. "चल. मलाबी पन्नास वर्सं आलेलाच हाय!"

चार वाजता सभागृह गच्च भरलं. सुलभाबाईंची विद्यार्थिनी, आर्किटेक्ट प्रेमाताई, पुण्याहून बोलायला आल्या होत्या. नकाशे दाखवत त्या छान सोपं बोलत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "या भिंतीचं एक कोडं मात्र मला सुटलेलं नाही. पश्चिमेकडच्या विटा तिरक्या का बसवल्यात? बाईंच्या कागदांत याचा कुठेच उल्लेख नाही."

"मॅडम!" मागच्या रांगेतून ऐश्वर्या उभी राहिली. "उत्तर देणारे इथं आहेत!"

"ए, खाली बस!" व्यंकटराव ओरडले.

"बोलू द्या तिला," प्रेमाताई ठामपणे म्हणाल्या.

सटवाजी उभे राहिले. त्यांचा आवाज खणखणीत होता. "इकडून पाऊस आडवा येतो, बाई. सरळ भोकं ठेवली असती तर पुस्तकं भिजली असती. म्हणून वीट बाहेरच्या अंगाला उतरती ठेवली. पाणी बाहेर, वारा आत! सुलभाबाईंला आधी करून दाखवलं, भिंतीवर बाहेरून घागर ओतून. त्या आत उभ्या ऱ्हायल्या अन् कोरड्या ऱ्हायल्या!"

सभागृहात हशा पिकला. त्याच क्षणी जाईनं कळ दाबली आणि पडद्यावर बारा माणसांचा अख्खा फोटो झळकला. मग मागचं निळं अक्षर!

"बंद कर ते!" व्यंकटराव धावले, पण जाईचे बाबा शांतपणे त्यांच्या वाटेत उभे राहिले.

प्रेमाताईंनी ते अक्षर दोनदा वाचलं. "हे बाईंचंच अक्षर! त्यांची इच्छा तुम्ही कापून टाकलीत? आणि वर त्यांचाच गौरव करताय?" त्या मंचावरून उतरल्या आणि सटवाजींना हात धरून वर घेऊन गेल्या. टाळ्या थांबता थांबेनात.

व्यंकटरावांना घाम फुटला. "चूक झाली," ते पुटपुटले. मग घाईनं माईककडे वळून म्हणाले, "पण आमच्या गावची मुलगी किती हुशार!"

"काल मी आगाऊ होते, काका," ऐश्वर्या म्हणाली. तिला अजिबात हसू आलं नाही. "आधी सगळ्यांची नावं लिहा."

आजोबा पडद्यावर एकेका चेहऱ्याकडे बोट दाखवू लागले. "ही रुख्मिणीबाई. ही मिराबाई नरवाडे, पाचव्या महिन्यात व्हती तरी विटा वाहायची. हा धम्मानंद…" व्यंकटराव कागदावर लिहीत होते आणि प्रेमाताई प्रत्येक नाव तपासत होत्या. अकरा नावं झाल्यावर सटवाजी पन्नास वर्षांत प्रथमच त्या भिंतीपाशी आतल्या बाजूनं गेले. त्यांनी विटांवरून हात फिरवला आणि एकदम थबकले.

"हितं सिमेंट कोणी थापलं? सात भोकं बुजवली की!"

"ते… एसी बसवायचा होता…" व्यंकटराव चाचरले.

"वारा बंद करून एसी! उद्या सकाळी छिन्नी घेऊन येतो. तुमी घमेलं धरायला या, अध्यक्षसाहेब!"

सगळं सभागृह खदखदून हसलं. प्रेमाताईंनी ऐश्वर्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "आजोबा, एवढी तिखट मुलगी कुणावर गेली हो?"

"माझ्यावर!" सटवाजी छाती काढून म्हणाले. "रागातबी, अन् कामातबी!"