उकळबाईचं बाळ

विश्वास ठेवा म्हणून गळ घालणार नाही. पण यात पदरचं काही घातलेलं नाही. हे माझ्या पणजीच्या बाबतीत घडलं. तिने ते माझ्या आजीला सांगितलं, आणि शेवट तर आजीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

रात्रीची गोष्ट नाही ही. भर दुपारची आहे.

शंभरएक वर्षांपूर्वीचं गिरण्यांचं शहर. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरच्या घरातली शिंक आपल्या घरात ऐकू यायची.

आणि रडणंही...

त्या शहरात उन्हाळा लागला की तान्ही मुलं मरायची. चारांतलं एक तरी पहिला वाढदिवस बघायचं नाही. घाण पाणी, नासकं दूध, माश्या. जुलाब सुरू व्हायचे आणि मूल बघता बघता सुकून जायचं. बायका एकमेकींना "मुलं किती?" म्हणून विचारायच्या, आणि लगेच पुढे, "त्यातली राहिली किती?"

पणजी सूतगिरणीत कामाला होती. पहिला मुलगा झाला, आणि अंगात ताकद यायच्या आतच तिला पुन्हा कामावर जावं लागलं. घरी नणंद बाळाला बाटलीने वरचं दूध पाजायची. जीव लावायची, हयगय नव्हती. पण त्या बाटलीला लांब रबरी नळी असायची. ती आतून कधी धुतलीच जायची नाही.

कुणाला माहीत होतं तेव्हा?

ऐन उन्हाळ्यात बाळ गेलं. पणजी गिरणीतच होती.

दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलं, "अशक्तपणा".

"अशक्त?" ती कारकुनाला म्हणाली. "अहो, लाथा झाडून पाळणा हलवायचं माझं बाळ!"

कारकुनाने मान वर केली नाही. मागे रांग होती.

पुढच्या वर्षी आरोग्य खात्याच्या डॉक्टरांना बायका हव्या होत्या. घरोघर जायचं, पाणी आणि दूध उकळून घ्यायला सांगायचं. पणजीने गिरणी सोडून ते काम धरलं. गल्लीतली पोरं ओरडायची, "उकळबाई आली, चुली पेटवा!" तीही हसायची.

आणि मग एका दुपारी...

ऊन रणरणत होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. एका बंद दारामागून बाळ रडलं.

पणजी जागच्या जागी थिजली.

आधी एक लांब सूर. मग श्वास अडकल्यासारखी उचकी. मग पुन्हा सूर...

तोच सूर होता. तिच्या गेलेल्या बाळाचा.

तिने दार ढकललं. रडणं थांबलं... एकदम, कुणी तोंडावर हात ठेवावा तसं.

आत एक तरुण बाई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर मूल. डोळे खोल गेलेले, टाळू आत बसलेली.

"हे आत्ता रडत होतं?" पणजीने विचारलं.

"रडायला ताकद कुठंय, बाई?" ती म्हणाली. "कालपासून हूं नाही की चूं नाही. रडलं असतं तर बरं वाटलं असतं हो."

पणजीने चूल पेटवली. पाणी उकळून गार केलं, किंचित मीठ-साखर घातली आणि चमच्या-चमच्याने पाजत बसली. दिवस कलताना मूल कण्हलं. मग रडलं. त्याचं स्वतःचं, किरटं रडणं.

ते मूल वाचलं.

त्यानंतर हे होतच राहिलं. कुठल्याही गल्लीत, कुठल्याही दारामागे. डोक्याला सगळं कळत होतं. तरी दर वेळी ती धावत सुटायची. या खेपेला दार उघडेन, आणि तो असेल...

दर वेळी आत दुसऱ्याचं मूल असायचं. निपचित पडलेलं.

तिने एकदा डॉक्टरांना सांगून पाहिलं. "ऊन बाधलंय तुम्हाला, बाई," ते म्हणाले. "डोक्यावर ओला रुमाल ठेवत जा." पण पुढे तेच सकाळी हळूच विचारायला लागले, "काल कुठे... काही ऐकू आलं का?"

एके दिवशी मात्र ती दारातच थबकली.

हात दारावर होता. आत तो रडत होता. आणि तिला ठाऊक होतं, दार उघडलं की तो थांबणार.

"जरा ऐकते," ती पुटपुटली. "एवढंसं."

तिने कपाळ दाराला टेकलं. सूर... उचकी... सूर...

मग तिने डोळे पुसले. "गप हो राजा. मला आत जाऊ दे. इथेही कुणाचं तरी बाळ आहे."

दार ढकललं. शांतता.

वर्षं गेली. पणजीला मुलगी झाली, ती माझी आजी. शहरात नळाचं स्वच्छ पाणी आलं, गटारं झाकली गेली. एका वर्षअखेरीस डॉक्टरांनी सगळ्या कामकरी बायकांना बोलावून सांगितलं, "बालमृत्यू निम्म्यावर आले!" टाळ्या पडल्या. पणजी ढसाढसा रडली. डॉक्टरांना वाटलं, आनंदाने.

आनंद होताच. पण त्या उन्हाळ्यात तिला ते रडणं एकदाही ऐकू आलं नव्हतं.

घरी येऊन ती आजीला म्हणाली, "सगळ्यांची वाचायला लागली गं. आता तो कुणासाठी येईल?"

पुढे कित्येक उन्हाळे ती भर दुपारी गल्ल्या पालथ्या घालायची. नुसती कान देऊन.

काही नाही...

अगदी म्हातारपणी ती अंथरुणाला खिळली. खाणं सुटलं, बोलणं सुटलं. एका दुपारी आजी तिच्या ओठांना चमच्याने पाणी लावत होती. तेवढ्यात...

बाळ रडलं.

आजीला ते आयुष्यात पहिल्यांदाच ऐकू आलं. लांब सूर. उचकी. ती धावत बाहेर आली. शेजारणीचं तान्हं गाढ झोपलं होतं. वरच्या मजल्यावर तर मूलच नव्हतं.

"कुणाचं रडतंय हो?"

"कोण रडतंय?" शेजारीण म्हणाली. "मला नाही बाई काही ऐकू येत."

मग आजीच्या लक्षात आलं. आवाज बाहेरून येतच नव्हता...

त्यांच्याच खोलीतून येत होता.

तिने दार ढकललं. रडणं थांबलं. पण एकदम नाही. हळूहळू. पोट भरत आलेलं मूल शांत होत जातं ना, तसं.

पणजी गेली होती. कुशीवर वळलेली. कित्येक दिवस तिला साधा हातही उचलता येत नव्हता.

आजी तिचे कपडे बदलायला बसली. छातीवरचं कापड ओलं होतं. चमच्यातलं पाणी सांडलं असेल असं वाटून तिने ते कापड हातात घेतलं. कोमट लागलं. नाकाशी नेलं...

दूध होतं.

हे सांगताना आजी माझ्याकडे बघत नव्हती. पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही. मला त्याचा अर्थ आजही लागलेला नाही.

आता माझ्या घरात तान्हं मूल आहे. ते रडलं तर मला भीती वाटत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी ते फार वेळ गप्प राहिलं, की मात्र मी हातातलं काम टाकून उठतो.