एप्रिलचे तीन खाडे

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला कॅलेंडर लटकतं आणि त्याच्या खिळ्याला दोरीनं बांधलेलं एक लाल पेन. आमच्याकडे दूध घालणारे भैय्याजी हुडकेश्वरच्याही पलीकडून मोटारसायकलला कॅन बांधून यायचे. ज्या दिवशी ते आले नाहीत त्या दिवशीच्या चौकटीत आई लाल फुली मारायची. खाडा. आधी दारात उभी राहून रस्त्याच्या टोकापर्यंत नजर टाकायची, मग आत येऊन फुली मारायची, मग भैय्याजींच्या घरी फोन लावून दरवेळी तेच विचारायची, "उद्या तरी येतील ना?" दिवाळीच्या सुमारास भैय्याजींनी म्हशी विकल्या. आम्ही पिशवीचं दूध घेऊ लागलो आणि पेनाचं काम संपलं.

मी नूपुर. वय सतरा. राग नाकावर असतो असं घरीदारी सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करते, म्हणजे माझ्याकडून करवून घेतली जाते. सक्करदऱ्याला तिसऱ्या मजल्यावर आमचा क्लास आहे. खाली तर्रीपोह्याचा ठेला, त्यामुळे आमचं सगळं रसायनशास्त्र तर्रीच्या वासात झालं. ऑक्टोबरमध्ये सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात २०० हा आकडा लिहिला आणि म्हणाले, "तीन मेला परीक्षा. तुमचं आयुष्य त्या दिवशी सुरू होणार आहे. तोपर्यंत फक्त हा आकडा बघायचा." पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्य तीन मेला सुरू होणार असेल, तर इतके दिवस मी काय करत होते?

घरी येऊन हिशेब केला. लीप वर्षांचे चार दिवस धरून त्या दिवसापर्यंत मी ६३०२ दिवस जगले होते. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला हिरव्या शाईनं तो आकडा लिहिला. तेव्हापासून रोज सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरायच्याही आधी, एक आकडा. बाबांना क्लासची कल्पना इतकी आवडली की त्यांनी हॉलमध्ये एक पाटी टांगली आणि रोज ऑफिसला जाताना तिच्यावर उरलेले दिवस लिहायला लागले. माझा फोन त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "तीन मेनंतर काय पाह्यचं ते पाह्य बेटा," म्हणाले. त्यांचा आकडा रोज एकानं उतरायचा, माझा एकानं चढायचा, आणि दोघांची बेरीज रोज ६५०२ यायची. मी ती रोज करायची. घरात निदान एक गोष्ट तरी माझ्या बाजूनं होती.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी जाग आली तेव्हा माझ्या डोक्याला खोबरेल तेल चोपडलेलं होतं आणि दोन घट्ट वेण्या घातलेल्या होत्या. मी तेल लावत नाही. पाचवीनंतर कोणाला केसांना हातही लावू दिलेला नाही. झोपेत आईनं हा उद्योग केला असणार, असं वाटून चिडले आणि तशीच ६४०७ लिहून बुधवारच्या वह्या भरून क्लासला गेले. फळ्यावर ९४ होते.

बेरीज ६५०१ आली. मी दोनदा केली.

"सरांनी आज दोन दिवस कमी केले का?" मी शेजारच्या काजलला विचारलं. काजल सातवीपासून माझ्यासोबत आहे, तिला माझ्या तोंडाची सवय आहे.

"काहून? आज गुरुवार हाये."

"बुधवार आहे."

"बुधवार काल झाला वं. बायोचा पेपर नाही का झाला? तुले एकशे बहात्तर पडले. सगळ्यांले नोट्स दिल्या तू झेरॉक्स काढाले. माझ्या मम्मीची तब्येतही विचारली." ती हसली. "काल किती छान होती तू यार. आज परत सटकली का?"

माझ्या नोट्स मी कोणाला देत नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार झाली होती, आणि बायजीही मीच होते म्हणे. वही उघडली. बुधवारचं पान होतं. अक्षर माझं, पण एकही खाडाखोड नाही. मला मंगळवारी रात्री दिवा बंद केलेला आठवत होता आणि त्यानंतर तेलकट उशी.

घरी जाऊन आईला विचारलं, वेण्या कोणी घातल्या. ती भाकरी थापत होती.

"तूच तं म्हटलं काल, आई तेल लावून दे. पाचवीनंतर पहिल्यांदा म्हटलं तू." तव्याकडे बघत ती म्हणाली. तिच्या आवाजात इतका आनंद होता की मला पुढे काही विचारता आलं नाही. मी पाय आपटत खोलीत गेले आणि न्हाऊन तेल काढून टाकलं. तीन वेळा शांपू लावावा लागला.

मला भुताखेतांत रस नाही, हे इथंच सांगते. मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे आणि मी पद्धतशीर वागले. फेब्रुवारीत माझे सहा दिवस गेले. प्रत्येक वेळी मी सोमवारी झोपले की बुधवारी उठायची, किंवा गुरुवारी झोपून शनिवारी. मी रोज पाटी बघून बेरीज करायची, गेलेला वार कपाटाच्या दारावर आकड्यांच्या बाजूला लिहून ठेवायची. जीवशास्त्राच्या पुस्तकात मेंदूचं प्रकरण वाचलं. मग बाबांना म्हटलं, मला डोक्याच्या डॉक्टरकडे न्या, मला काही दिवस आठवत नाहीत.

बाबा पेपर वाचत होते. "मार्क वाढून राहिले अन् तुले डॉक्टर पाहिजे? डॉक्टर तं तू होऊन राहिली!" स्वतःच्याच विनोदावर ते खूप वेळ हसले. मी टेबलावरचा ग्लास खाली फेकला. ते हसायचे थांबले आणि काचांकडे बघत हळूच म्हणाले, "कालच्यासारखी राह्य ना बेटा. काल किती चांगली बसली होती आपल्यात."

काल माझा नव्हता.

मार्चच्या सुरुवातीला, माझ्या जागी जी उठत होती तिला मी चिठ्ठी लिहिली. तू कोण आहेस, माझ्या दिवसांत काय करतेस, आणि हे दिवस माझे आहेत, तुझ्या बापाचे नाहीत. शेवटचं वाक्य लिहिताना पेनानं कागद फाटला. चिठ्ठी उशीखाली ठेवून झोपले. उठले तेव्हा मध्ये दोन दिवस गेले होते. चिठ्ठी उशीखालीच होती, चार सारख्या घड्या घातलेली. फाटलेल्या जागी मागून चिकटपट्टी लावली होती. उत्तर नव्हतं. टेबलावरच्या सगळ्या पेन्सिलींना मात्र टोक केलेलं होतं.

मार्चचे बावीस दिवस असेच गेले. ऊन चढत गेलं तेही मला तुकड्यातुकड्यानं कळलं. एका सकाळी पंखा पुरत होता, पुढच्या सकाळी खिडकीला कूलर लागलेला होता आणि ओल्या वाळ्याचा वास घरभर होता. शेजारच्या अंगणातला आंबा मोहरलेला पाहिला होता, तो मी पुन्हा पाहिला तेव्हा त्याला कैऱ्या लटकत होत्या. असलं किरकोळ काहीतरी बघायला मिळत नाही म्हणून कोणी रडत नाही. मी रडले. माझा मोहर कोणा दुसरीनं पाहिला होता, आणि घरातल्या एकालाही त्याचं काही नव्हतं.

बाबांच्या फोनमध्ये एक व्हिडिओ सापडला. आईच्या वाढदिवसाचा. त्यात मी पिवळा ड्रेस घालून होते, जो मी शिवून आल्यापासून अंगाला लावला नव्हता. मी आईला केक भरवत होते. मी वांग्याची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेत होते, एरवी वांग्याच्या वासानंच मी ताटावरून उठते. मी व्हिडिओ थांबवून थांबवून त्यातल्या मुलीचे डोळे मोठे करून पाहिले. माझेच होते. खालच्या ओठावरचा लहानपणीचा टाक्याचा व्रणही होता. वेगळी होती ती आई. ती तोंडाला पदर लावून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझ्यासमोर आई अशी शेवटची कधी हसली, मला आठवेना. मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर.

त्यानंतर मी एक प्रयत्न केला. एक सबंध दिवस गोड राहिले. तेल लावून दे म्हटलं. आईनं वाटी आणली, माझ्यामागे बसली, टाळूवर बोटं ठेवली आणि थांबली.

"आज नको," म्हणाली. "आज तुले खरंच नाही पाहिजे."

ती वाटी घेऊन उठून गेली. मी तिथंच बसून राहिले. आईला कळत होतं. बोटांनी कळत होतं.

आज पाटीवर १६ आहेत. मी सकाळी कपाटावर लिहिलं, ६४४४. बेरीज ६४६०. बेचाळीस दिवस गेले. आता मी आठवड्यातून एखाद्या दिवशी येते, पाहुणी येते तशी, आणि आल्या आल्या मला राग येतो. तेवढ्यावरून मला कळतं की ही मी आहे. दुसरी खूण माझ्याकडे उरलेली नाही. तीन मेला कोण पेपर द्यायला बसणार ते मला ठाऊक आहे. चार मेला कोणी उठायचं, एवढाच प्रश्न आहे.

हे मी भौतिकशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. सकाळी जे झालं तेवढं उतरवून ठेवते.

आकडा लिहून मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याशी सांबाराची जुडी निवडत होती. कोथिंबिरीचा ओला वास होता आणि कूलरची घरघर. फ्रीज उघडला. पुढेच झाकणाची वाटी होती, उघडून पाहिली तर आमरस. यंदाचा पहिला. मी चमचा घेतला.

"तो राहू दे," आई मान न उचलता म्हणाली. "उद्यासाठी ठेवला."

मी फ्रीज लावला. माझी नजर कॅलेंडरवर गेली.

एप्रिलच्या पानावर लाल फुल्या होत्या. तीन.

पिशवीचं दूध आमच्याकडे एक दिवसही चुकत नाही. मी पान उचललं. मार्चमध्ये फुल्या होत्या. फेब्रुवारीत खूपच होत्या. जानेवारीचं पान सबंध कोरं, फक्त शेवटच्या तीन चौकटींत फुल्या.

मी धावत जाऊन कपाटाच्या दारावरचे वार कागदावर उतरवून आणले. कुठंतरी बरं वाटत होतं. आईला माहीत आहे. माझे गेलेले दिवस आईही मोजते आहे. या घरात मी एकटी नाही.

फेब्रुवारीपासून ताडायला घेतलं. माझे गेलेले दिवस सहा. फुल्या बावीस.

मार्चमध्ये गेलेले बावीस. फुल्या नऊ.

मी परत मोजलं. फुली मारलेला प्रत्येक दिवस मला आठवत होता. ग्लास फोडला त्या दिवशी फुली होती. चिठ्ठी लिहिली त्या दिवशी फुली होती. तेलाची वाटी आई परत घेऊन गेली, त्या दिवशीही होती. फुल्या माझ्या गेलेल्या दिवसांवर नव्हत्याच. मी होते त्या दिवसांवर होत्या.

"आई, हे खाडे कोणाचे?"

"दुधाचे."

"भैय्याजी दिवाळीपासून येत नाहीत."

ती सांबाराच्या काड्या निवडत राहिली. एकेक काडी, सावकाश.

"आई, मी आहे ना इथं!" मी ओरडले. आवाज फाटला. "मी आलेय ना! माझ्याकडे बघ!"

आईनं हात पदराला पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. भैय्याजींसाठी दारात उभी राहून रस्त्याच्या टोकापर्यंत बघायची, तसंच, बराच वेळ, माझ्या चेहऱ्याच्या पार मागं.

मग तिनं दोरीचं पेन उचललं. आजच्या चौकटीत फुली मारली. पेन परत खिळ्याला अडकवलं.

"उद्या तरी येईल ना वं ती?" तिनं मला विचारलं.