फांदी हलवायची असते

नवरीचा एक डोळा हरणीचा आणि दुसरा घुबडाचा झाला, तेव्हा ममताताईंच्या पार्लरमध्ये जो गोंधळ उडाला तो दिग्रसच्या बसस्टँडपर्यंत ऐकू गेला असेल. लायनर लावणारी होती रंजिता. एरवी तिचा हात इतका स्थिर, की आर्णीच्या नवऱ्या तिचं नाव विचारत यायच्या. पण आज तिला एकाच्या दोन रेघा दिसत होत्या.

"आधी डोळे तपासून ये," ममताताई कडाडल्या. "समोरच दुकान आहे. आत्ताच्या आत्ता!"

बाहेर श्रावणाची झिमझिम. ओढणी डोक्यावर धरून रंजिता रस्ता ओलांडून धावली, चष्म्याच्या दुकानात शिरली आणि दारातल्या माणसावर धाडकन आदळली. त्याच्या हातातल्या फ्रेमा फरशीवर विखुरल्या.

"सॉरी... मला दिसलंच नाही!"

"मग बरोबर दुकानात आलात," तो हसत म्हणाला.

हा साकेत. वडील कोर्टातून निवृत्त, आई शाळेत बाई, घरात सगळ्यांनाच चष्मे. पोरगा नागपूरला शिकून आला आणि त्यानं डोळे तपासायचं दुकान टाकलं. हसला की त्याच्या डाव्या गालावर बारीकशी खळी पडायची, आणि रंजिताला दोन दोन दिसत असूनही ती खळी मात्र नेमकी दिसली.

आतल्या अंधाऱ्या खोलीत तो टॉर्च घेऊन वीतभर अंतरावर बसला. "वर बघा. खाली बघा. आता माझ्या कानाकडे."

"कानात काय आहे?"

"काही नाही. पण तुम्ही सरळ माझ्याकडे बघितलं तर मला तपासता येणार नाही."

रंजिताला हसू फुटलं. तेवढ्यात टॉर्चचा उजेड जरासा घसरून तिच्या हनुवटीवर आला... आणि क्षणभर तिथेच थांबला. तिनं झटकन मान वळवली.

त्याला कारण होतं. त्या हनुवटीवर, क्रीमच्या दोन थरांखाली, गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते. सात वर्षांची असताना पोहरादेवीच्या यात्रेत तिनं हट्ट करून, रडून-लोळून ते काढून घेतले होते. याडीसारखे पाहिजेत म्हणून. याडी म्हणजे आई. पुढे ती पार्लरमध्ये कामाला लागली, आणि पहिल्याच दिवशी एका बाईनं शेजारणीला हळूच विचारलं, "तांड्यावरची आहे का गं ही?" तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती; शब्द वाईट नव्हते. पण विचारताना बाईचा आवाज खाली गेला होता, आणि तेवढंच रंजिताच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवसापासून ठिपके झाकले गेले. 'मले'चं 'मला' झालं. कुठे राहतेस म्हटलं, की 'आर्णी रोडला' म्हणून ती विषय संपवायची.

चष्मा तयार झाला. मग एक गंमत सुरू झाली. दर तीन दिवसांनी चष्म्याचा स्क्रू सैल व्हायचा.

"दुकानदार नीट बसवत नाही," रंजिता फणकारायची.

"गिऱ्हाईक सारखं चष्मा काढून पुसतं," साकेत म्हणायचा. स्क्रू बसायला एक मिनिट लागायचं, आणि मग दोघांचा चहा अर्धा तास चालायचा. जाता-येता काचेपलीकडून नजरानजर व्हायची, आणि इकडे कुणाच्या तरी भुवया एकीपेक्षा एक बारीक होत जायच्या.

एक दिवस त्यानं चहाचा कप उगाचच फिरवला. "रविवारी... घरी याल? आई म्हणतेय भेटायचं."

रंजिताच्या काळजानं अशी उडी मारली, की तिला वाटलं शेजारच्या किराणा दुकानातही ऐकू गेली असेल. पण लगेच दुसरा विचार आला. त्याला आवडली ती क्रीम लावलेली, मला-तुला बोलणारी रंजिता. खरी कळली तर त्याचाही आवाज असाच खाली जाईल का?

"रविवारी नाही जमणार. पुसदची मावशी आजारी आहे."

मावशी नव्हतीच. रविवारी तांड्यावर तीज होती.

तीज म्हणजे तांड्यातल्या लग्न न झालेल्या पोरींचा सण. टोपलीत गहू पेरायचे, रोज गात-नाचत पाणी घालायचं. रविवारी रंजितानं आरशांनी लखलखणारा फेटिया घातला, वर कांचळी म्हणजे चोळी घातली, हातभर बांगड्या चढवल्या. हा घागरा अंगावर आला की तिची पाठ आपोआप ताठ व्हायची. स्वतःलाच ती फार आवडायची तेव्हा. आज तर नाकावर चष्माही होता.

टोपली डोक्यावर घेऊन ती शाळेपाशी आली आणि जागच्या जागी थिजली. व्हरांड्यात टेबल मांडलेलं, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि म्हाताऱ्यांच्या रांगेपुढे, हातात टॉर्च घेऊन, साकेत! तिनं नाही म्हटल्यामुळे त्याचा रविवार मोकळा झाला होता, आणि तांड्याचे प्रमुख भावसिंग नाईक यांनी फुकट नेत्रतपासणीला बोलावलेला डॉक्टर हाच निघाला.

ती गर्रकन कडुनिंबामागे गेली. ओढणी हनुवटीवर ओढली. रांगेतून परतणारी रुपीबाई, तिची आई, तिथेच समोर आली.

"जाय ना, तुह्याही डोळ्याचा नंबर दाखवून घे. लय मायेनं पाह्यते तो पोरगा."

"मले नाई जायचं, याडी."

रुपीबाईनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "हनुवटी काहून झाकून राह्यली तू?"

रंजितानं ओढणी आणखी घट्ट धरली.

"यात्रेत लोळली होती ना याच्यासाठी? माह्यासारखे पाह्यजेत म्हणून?" असं म्हणत रुपीबाईचं बोट सहज स्वतःच्या हनुवटीवर गेलं. तिथेही तीन ठिपके होते.

रंजिताला गलबलून आलं. रोज सकाळी आरशापुढे उभी राहून आपण क्रीमखाली कुणाला झाकत होतो, ते तिला त्या क्षणी कळलं, आणि स्वतःचा भयंकर राग आला. तिनं टोपली याडीच्या हातात दिली. ओढणी मागे टाकली. ती बांगड्या खळखळवत सरळ टेबलापाशी गेली आणि खुर्चीत बसली.

"नाव?" साकेतनं खाली बघतच विचारलं.

"रंजिता. भावसिंग नाईकाचा तांडा."

पेन थांबलं. त्यानं वर पाहिलं... पाहतच राहिला.

"मावशी कशी आहे?"

"मावशीच नाई मले!" एका दमात ती बोलत सुटली. "पुसदले माहं कोणीच नाई. हा माहा तांडा. ती माही याडी. अन् हे—" तिनं हनुवटीवर बोट ठेवलं, "—हेही माहेच. उद्यापासून झाकणार नाई. पार्लरमधे नाई, तुमच्या आईपुढे नाई. आता बोला काय बोलायचं ते!"

साकेतनं चष्मा नीट केला. "तीन आहेत होय? पहिल्या दिवशी मला दोनच दिसले होते."

"म्हणजे... तुम्हाले माहीत होतं?"

"हातात टॉर्च होता, रंजिता."

"मग बोलले काहून नाई?"

"तुम्ही झाकत होता ना. मी कसं विचारणार? म्हटलं वाट बघू. तोवर स्क्रू सैल ठेवू."

तिनं आ वासला. लबाड! "अन् आई?"

त्यानं पेन खाली ठेवलं. "आईला सगळं सांगितलं मी, ठिपक्यांसकट. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी म्हणाली, रविवारी बोलाव, बघू तरी पोरगी कशी आहे."

"ओ डॉक्टर!" मागून एक आजोबा ओरडले. "एकाच पोरीचे डोळे किती पाह्यता? आम्ही का आंधळेच मराव?" रांगेत हशा पिकला आणि रंजिता फेटिया सावरत पळाली.

दुपारनंतर बोरीची फांदी रोवली गेली. पोरींनी भिजवलेले चणे एकेक करून बोरीच्या काट्यांवर खोचायचे, आणि पोरांनी फांदी गदागदा हलवून ते पाडायचे, बोटं टोचवायची, पोरींना रडकुंडीला आणायचं. तीच तर सगळी मजा!

रंजिताची पाळी आली आणि भावसिंग नाईकांनी साकेतला पुढे ढकललं. "जा डॉक्टर, धरा फांदी!"

साकेतनं धरली. दोन्ही हातांनी, गच्च, काट्यांसकट. आणि तो अजिबात हलला नाही.

रंजितानं पहिला चणा खोचला. दुसरा. तिसरा. फांदी ढिम्म. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, ढोल थांबला, आणि मग अख्खा तांडा हसून लोटपोट झाला. रुपीबाई तर डोळे पुसत होती.

"अहो, हलवायची असते फांदी!" रंजिता कुजबुजली. तिचे कान लालबुंद झाले होते.

"तुला टोचेल ना," तो म्हणाला.

तुला. आजवर तुम्हाला होतं. चण्याचा दाणा तिच्या चिमटीतच राहिला. त्याच्या तळव्यातून रक्ताचा थेंब आला होता, तरी त्यानं फांदी सोडली नव्हती.

"सारे चणे होईपर्यंत धरशील?"

"धरीन. मग पुढे?"

"मग तुह्या आईकडे येते," रंजितानं शेवटचा चणा काट्यावर अलगद बसवला आणि सगळ्या तांड्यादेखत मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "पण अशीच येईन."

"अशीच ये," साकेत म्हणाला.